हात आधी जातो

नव्या माणसाला कामावर घेण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका तपासून घेणं हा मालकाचा केवळ हक्क नव्हे, ते त्याचं नैतिक कर्तव्य आहे, कारण कारखान्याच्या गेटातून माणूस कधी एकटा आत येत नाही, त्याच्यामागून त्याचा सगळा भूतकाळ येत असतो.

हे वाक्य माझं आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या स्मरणिकेत २०३४ साली, पान एकेचाळीसवर, बेअरिंगच्या जाहिरातीशेजारी ते छापून आलं. सोबत माझा फोटो होता आणि खाली नाव: उपेंद्र हेरवाडकर, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग, त्रिकूट प्रेसिंग्ज, कोल्हापूर. ज्या दुपारी मी तो लेख पूर्ण केला त्याच दुपारी, त्याच टेबलावर, मी आणखी एक कागद लिहिला. त्यात एकही वाक्य खरं नव्हतं. दोन्हींपैकी लोकांनी वाचला तो दुसरा.

तो धोंडीराम निकाडे यांना दिलेला अनुभवाचा दाखला होता.

आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग होतात. पत्रा प्रेसखाली ठेवायचा, दोन बटणं दाबायची, वरून शंभर टनांचा ठोका पडतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होतो. बटणं दोन असण्याला कारण आहे. ती एकमेकांपासून लांब असतात आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे प्रेसखाली एकही हात नसतो. ज्याने हे शोधून काढलं त्याला माणसांची बरीच माहिती असावी. निकाड्यांना त्याहून जास्त होती. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि डावं बटण कायमचं दाबून बांधून टाकलं. आता उजव्या हाताने ठोका आणि मोकळ्या डाव्या हाताने पत्रा, अशी वाटणी झाली. पाळीला नऊशे नग निघायचे ते तेराशे निघू लागले. निकाडे सुपरवायझर होते. लागोपाठ तीन महिने त्यांचा फोटो कॅन्टीनमध्ये लागला.

चौथ्या महिन्यात तीन नंबरच्या प्रेसने एका ऑपरेटरच्या शर्टाची बाही आणि घड्याळाचा पट्टा नेला. हात राहिला. मी दोन पानी अहवाल लिहिला, त्याला ट्यूबच्या पट्टीचा फोटो जोडला आणि थोरल्या मालकांपुढे ठेवला. थोरले मालक शांत गृहस्थ. त्यांनी अहवाल वाचला, घडी केली आणि मला परत दिला. आठ दिवसांवर आपला माल घेणाऱ्या गाडीवाल्यांचं ऑडिट आहे, म्हणाले. ह्याला काढला तर हा कामगार न्यायालयात जाणार आणि तिथे ही पट्टी पहिल्यांदा निघणार. त्यापेक्षा त्याला आपण होऊन जाऊ दे. जाताना चांगलं लिहून द्या.

"चांगलं म्हणजे किती चांगलं?" मी विचारलं.

"लवकर जाईल इतकं," थोरले मालक म्हणाले.

'वर्तन समाधानकारक' एवढ्यावर भागलं असतं. पण लिहायचं म्हटल्यावर माझ्याने हात राखून लिहवत नाही. मी लिहिलं: 'श्री. निकाडे हे आमच्या सुरक्षा-संस्कृतीचे आधारस्तंभ होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला कामगार आयुष्यभर निर्धास्त राहील.' 'आधारस्तंभ' हा शब्द सुचल्यावर मी स्वतःसाठी चहा मागवल्याचं आठवतं.

पंधरवड्याने हातकणंगल्याकडच्या एका कारखान्यातून फोन आला. त्या लोकांनी पूर्वपीठिका तपासली नाही असं कुणी म्हणू नये. व्यवस्थित तपासली, माझ्याकडेच तपासली. मी एका साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो आणि पानात जिलेबी पडत होती. माणूस कसा आहे, त्यांनी विचारलं. चोख, मी म्हणालो. काही असेल तर सांगा बरं का. काही नाही. वसाहतीतल्या आम्हा मनुष्यबळवाल्यांचा तो अलिखित रिवाजच होता: जाणाऱ्याच्या वाटेत काटे पेरायचे नाहीत, कारण उद्या आपल्यालाही कुणाला तरी वाटेला लावायचं असतं. सगळं चाळीस सेकंदांत उरकलं. जिलेबी गरम होती.

अहवाल मी फाडला नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

*

पाच वर्षांनी हातमोजे आले.

तोवर थोरले मालक वारले होते आणि कारभार त्यांचा मुलगा अभिजित बघत होता. मी त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेला, म्हणून तो अजून मला काका म्हणतो आणि मी त्याला चारचौघांत साहेब म्हणतो. विमा कंपनीने नवी अट घातली होती: यंत्राजवळ जाणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची हस्तचाचणी झाली पाहिजे. चाचणी घ्यायला बेळगावच्या कित्तूर मॅडम आल्या. वय सव्वीस, पण बोलणं एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारखं.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. माणूस नवं काम शिकतो तेव्हा मोठा मेंदू प्रत्येक हालचालीवर स्वतः लक्ष ठेवतो. तीच हालचाल हजारो वेळा झाली की तो ती मागच्या बाजूच्या लहान मेंदूकडे सोपवतो आणि मोकळा होतो. म्हणजे साहेबाने फाईल कारकुनाकडे दिल्यासारखं, मी म्हणालो. अगदी तसंच, त्या म्हणाल्या, आणि हा कारकून ती फाईल कधीच परत देत नाही. सायकल वीस वर्षांनीही चालवता येते ती यामुळेच. बोटं हलवणारे स्नायू बहुतेक कोपराखालच्या हातात असतात. मेंदूकडून हुकूम आला की त्यांच्यात किंचित वीज खेळते. हातमोजा कोपरापर्यंत लांब असतो आणि ती वीज टिपतो. हुकूम कधी सुटला, हात कधी निघाला, कुठली बोटं आधी उठली, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. मग ते हजारो कामगारांच्या हातांच्या नोंदींशी ताडून बघायचं.

"पण माणूस नाटक करेल की," मी म्हणालो.

"आठ मिनिटं करतो," मॅडम म्हणाल्या. "म्हणून चाचणी अकरा मिनिटांची आहे."

नवव्या मिनिटाला हात दमतात, दिवे अचानक लागतात-विझतात, आणि मग जुना कारकून बाहेर येतो. पहिल्याच आठवड्यात, बारा वर्षं लेथ चालवल्याचा दाखला आणलेला एक गृहस्थ दहाव्या मिनिटाला पानाला चुना लावताना सापडला. दाखल्यावर माझ्या ओळखीच्या एका व्यवस्थापकाची सही होती. मी हसलो. सगळेच हसले. निकाल शंभरपैकी गुणांत यायचा. चाळीसच्या खाली असलेल्याला यंत्रावर घ्यायचं नाही. आणि तीन कारखान्यांत चाळीसच्या खाली गेलेल्याचं नाव विमा कंपन्यांच्या सामाईक यादीत पडायचं. यादीत पडलेल्याला पाच वर्षं कुणी गेटच्या आत घेत नसे. माणसांचा भूतकाळ आता माझ्यासारख्यांच्या शब्दावर अवलंबून राहिला नव्हता. मला त्याने बरं वाटलं होतं, हे सांगून ठेवलेलं बरं.

*

सप्टेंबरात आम्ही दोन जागा काढल्या, एक सेफ्टी मॅनेजरची आणि एक प्रेस ऑपरेटरची. मॅनेजरच्या जागेसाठी सकाळी निकाडे आले. जयसिंगपूरच्या भडंगाचं मोठं पाकीट घेऊन आले.

"सर, तुमच्या त्या एका कागदानं माझं आयुष्य घडवलं," ते म्हणाले, आणि खाली वाकायला लागले. मी पाय मागे घेतले. ते त्यांना विनय वाटला.

मी काहीही बोललो नाही. मला वाटलं, हातमोजा बोलेल. अकरा मिनिटं मी काचेबाहेर उभा राहून त्याची वाट बघितली. निकाल आला: सत्त्याण्णव. अहवालात लिहिलं होतं, 'या हातांनी कोणतंही यंत्र नियमित चालवल्याचं आढळत नाही. धोकादायक सवय: नाही. सर्वांत पक्की सवय: उजवी तर्जनी पुढे करून दाखवणे.'

"इतके स्वच्छ हात मी अजून पाहिले नव्हते," कित्तूर मॅडम म्हणाल्या.

दुपारी ऋतुजा बरगाले आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पाठीला सॅक, आणि डावा हात ओढणीखाली. मॅडमनी मोजा पुढे केला तेव्हा तिने तो हात काढला. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. मॅडमनी मोज्याची रिकामी दोन बोटं मागे दुमडून टाचली.

पडद्यावर डाव्या हाताच्या पाच रेषा दिसतात, एकेका बोटाची एक. तिच्याही पाच दिसल्या. नसलेल्या बोटांच्या दोन रेषा इतरांइतक्याच जिवंत होत्या. नवव्या मिनिटाला दिवे लागले-विझले, खोटा स्पंजाचा ठोका वरखाली होऊ लागला, आणि तिचा डावा हात ठोका पूर्ण वर जाण्याआधी आत जायला लागला. दर वेळी सेकंदाचा पाचवा भाग आधी. पाचही रेषा एकदम उठत होत्या. बोटं जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती अजून आत जात होती.

एकतीस गुण. 'डावं बटण बांधलेल्या प्रेसवर दीर्घकाळ काम. हात आधी जातो. यंत्रावर अपात्र.'

मी तिला केबिनमध्ये बसवलं आणि पाणी दिलं. ही तिची तिसरी चाचणी होती. आधीच्या दोन कारखान्यांनीही नापास केलं होतं, हे तिने स्वतःच सांगितलं; लपवण्यात अर्थ नाही, मशीन सांगतंच म्हणाली. आता नाव यादीत पडणार हेही तिला माहीत होतं. घरी सात वर्षांची मुलगी आणि दम्याची आई. मी कामाचं ठिकाण विचारलं. हातकणंगल्याकडचं. सुपरवायझर कोण होते, हेही विचारलं. माहीत असताना विचारलं.

"निकाडे साहेब."

"बटण बांधलेलं तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की सर. पहिल्याच दिवशी मी विचारलो. साहेबांनी बोट केलं भिंतीकडं. म्हणाले, वाच. तुमचं पत्र होतं. फ्रेम करून लावलंय त्यांनी केबिनीत, गणपतीशेजारी. आयुष्यभर निर्धास्त राहील म्हणून लिवलंय त्यात." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "सेफ्टीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर मला वाटलं, बरोबरच असंल."

मी विचारलं, मग इथे अर्ज का केलात?

"जाहिरातीखालची सही वळखीची होती," ती म्हणाली. "जिथनं असला कागद निघतोय, तिथं तरी बटणं सुट्टी असतील म्हटलं."

मी तिला बाहेर थांबायला सांगितलं. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

*

पाच वाजता दोन्ही अहवाल माझ्या टेबलावर आले. सहाच्या आत ते माझ्या सहीने विमा कंपनीकडे जायचे असतात. अहवालाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम आहे. मी ते आधी कधी वाचलं नव्हतं, त्या दिवशी वाचलं: कामगाराची धोकादायक सवय मालकाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने लावली असल्याचा लेखी पुरावा असल्यास ते गुण कामगाराच्या नावे धरू नयेत. लेखी पुरावा खालच्या खणात, माझ्या डाव्या गुडघ्याला टेकलेला होता. ट्यूबच्या पट्टीच्या फोटोसकट, निकाड्यांच्या नावासकट. त्याखाली माझी सही होती, आणि त्याच आठवड्यातल्या 'आधारस्तंभा'खालीही माझीच. निवृत्तीला दोन वर्षं होती.

कलम वाचून मी पान उलटलं आणि पाहिलं, तर दोन्ही अहवालांवर सही झालेली होती. माझी. शाई ओली होती.

मी उठून कित्तूर मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, माझे हात तपासा. कार्यालयातल्यांचीही नोंद हवी म्हणून त्या महिनाभर मागे लागल्याच होत्या. त्यांनी मोजे चढवले. आठ मिनिटं मी ठोकळे उचलले, बटणं दाबली, सद्गृहस्थासारखा वागलो. नवव्या मिनिटाला त्यांनी पुढ्यात कागद सरकवायला सुरुवात केली, एकामागून एक, मध्येच दिवे मालवत. अकरा मिनिटं संपल्यावर त्यांनी पडद्यावरच्या नोंदी पुन्हा वरून खाली तपासल्या.

"किती?" मी विचारलं.

"एकोणतीस."

"मी उभ्या आयुष्यात प्रेसला हात लावलेला नाही."

"प्रेस नाही, सर. सही." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "कागद पुरता पुढ्यात येण्याआधीच सहीचा हुकूम सुटतो. दर वेळी. मशीनला कागद आणि प्रेस यांतला फरक कळत नाही, ते एकाच सदरात घालतं." त्या थोड्या ओशाळल्या. "हात आधी जातो."

मी खालचा खण उघडला. पाच वर्षांत तो इतका घट्ट बसला होता की अर्धा उघडायलाच शिपायाची मदत लागली.

अभिजितने तो जुना अहवाल उभ्याने वाचला, मग बसून पुन्हा वाचला. मी त्याला ऋतुजाबद्दल सांगितलं, फ्रेमबद्दल सांगितलं, पंगतीतल्या फोनबद्दल सांगितलं.

"काका, हे तुमच्याकडे कुणी मागितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

त्यानेच मला एक वाट काढून दिली. थोरल्यांचा मुलगा आहे, वाट काढून देतो. "बाबांनी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलंत," तो म्हणाला. "तसं लिहून द्या. ते काही आता उलट बोलणार नाहीत."

वाट चांगली होती. रुंदही होती.

"थोरल्या मालकांनी 'चांगलं' सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. "'आधारस्तंभ' माझा."

सहाला दहा कमी असताना जुना अहवाल, दाखल्याची स्थळप्रत आणि माझं निवेदन, असे तीन कागद विमा कंपनीकडे गेले. निवेदन मी सही करण्यापूर्वी पूर्ण वाचलं. उजवा हात डाव्याने धरून ठेवावा लागला.

मग मी बाहेर बाकावर बसलेल्या ऋतुजाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिच्या नावे ते गुण धरले जाणार नाहीत, यादीत नाव जाणार नाही, प्रेसवर नाही पण तपासणीच्या टेबलावर जागा आहे. आणि हेही सांगितलं की पत्र लिहिलं तेव्हा ट्यूबच्या पट्टीचा फोटो माझ्या खणात होता.

"म्हंजे तुमाला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"हो."

तिने डावा हात पुन्हा ओढणीखाली घेतला. मला वाटलं ती रडेल, किंवा काही बोलेल, आणि मी ते ऐकून घेईन आणि मला जरा बरं वाटेल. तिने सॅक पाठीला लावली.

"उद्या किती वाजता यायचं?"

"साडेआठ," मी म्हणालो.

ती साडेआठला येते. ब्रॅकेटच्या कडेवरून उजवा अंगठा फिरवते आणि कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलेली केसाएवढी चीर काढून देते. सगळ्यांना नमस्कार करते. माझ्या केबिनवरून जाताना ती समोर बघून जाते. निकाड्यांना आम्ही घेतलं नाही. नकाराचं पत्र मसुद्यात 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं संपत होतं; ते वाक्य मी खोडलं. माझ्या सहीखाली आता कित्तूर मॅडमची प्रतिसही लागते. चाळीसच्या खालच्या माणसाची एकटी सही चालत नाही.

*

डिसेंबरात सांगलीच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्यातून फोन आला. तरुण आवाज होता, अदबीचा. निकाड्यांची निवड जवळपास पक्की झाली आहे, पूर्वपीठिका तपासायची एवढंच राहिलंय, म्हणाला.

दुपारची वेळ होती आणि डबा नुकताच उघडला होता. मी झाकण लावलं, केबिनचं दार लावलं आणि सांगायला सुरुवात केली. ट्यूबची पट्टी, तीन नंबरची प्रेस, शर्टाची बाही, माझं पत्र, गणपतीशेजारची फ्रेम, ऋतुजाची दोन बोटं, ज्यांच्या रेषा अजून उठतात. वीस मिनिटं सांगत होतो. इतका वेळ मी फोनवर खरं कधी बोललो नव्हतो. पलीकडे तो सगळं टाइप करून घेत होता. टकटक ऐकू येत होती. मधूनमधून "बाप रे" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "सर, फार बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात. असं कुणी सांगत नाही ओ. फक्त एक रकाना राहिलाय. माहिती देणाऱ्याचा हस्तगुणांक किती?"

मी विचारलं, तो कशाला लागतो?

नवीन नियम आहे, म्हणाला. माहिती देणाराही विश्वासार्ह पाहिजे ना.

"एकोणतीस."

टकटक थांबली.

"मग हे धरता येत नाही, सर," तो म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत असावं. "चाळीसच्या खालचं मत सिस्टीम घेतच नाही. मी भरतोय, पण ते लाल होतंय."

"आणि त्यांचं?"

"सत्त्याण्णव. शिवाय तुमचंच एक जुनं पत्र आहे फाईलला, ते चालतंय. हे गुण सुरू व्हायच्या आधीचं पत्र आहे ते."

निकाडे एक तारखेला तिथे रुजू झाले.